बिनविरोध गावची मतपेटी

मी एक जुनी मतपेटी आहे. मित्रांनो, मतपेटी म्हटलं की तुम्हाला सरकारी पेटी आठवेल, मोहोर लावलेली, पोलिसांच्या गाडीतून मिरवणारी. मी तशी मानाची नाही. मी साध्या पत्र्याची, हिरव्या रंगाची, घरगुती पेटी. माझ्या झाकणावर एक लांबट फट आहे, तेच माझं तोंड आणि तोच माझा डोळा. पुढे कडी आहे आणि कडीला पितळी कुलूप. स्वभावाने मी भित्री, हे आधीच सांगून टाकते. पातळ पत्र्याला भीती लपवता येत नाही. जवळ कोणी जोरात खुर्ची सरकवली तरी माझं अंग वाजतं.

आत्ता मी ग्रामसभेच्या टेबलावर आहे आणि समोर सगळं गाव मान खाली घालून गप्प बसलं आहे. अशी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. ती मोडेल तेव्हा काय होईल, मला ठाऊक नाही. म्हणून तोपर्यंत तुम्हाला माझी हकीकत सांगून घेते. बोलत राहिलं की जरा धीर येतो.

माझा जन्म नगरच्या बाजारातला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण मी झाले तेव्हा ते नगर होतं आणि आमच्याकडची म्हातारी माणसं अजून नगरच म्हणतात. तिथे एक कारागीर धान्याच्या कोठ्या आणि लग्नातल्या ट्रंका बनवायचा. त्याच्याकडे एक दिवस दानीएल गुरुजी आले. आमच्या गावच्या शाळेचे ते हेडमास्तर. त्यांनी कागदावर माझं चित्र काढून आणलं होतं. कारागिराने विचारलं, दानपेटी का, देवळातली की चर्चमधली? गुरुजी म्हणाले, यात पैसा पडणार नाही, मत पडणार आहे. कारागीर हसला आणि म्हणाला की मग फट बारीकच ठेवतो, पत्रा मजबूत राहील. गुरुजींनी मान हलवली.

"फट रुंद ठेवा," ते म्हणाले. "घाबरलेल्या माणसाचा हात थरथरला, तरी चिठ्ठी आत गेली पाहिजे."

मला तेव्हा वाटलं, हा माणूस मला ओळखतो.

आमचं गाव राहात्याच्या पुढे, कालव्याच्या अगदी शेपटाला. कालव्याला आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलं की आम्ही गावतळं भरून घेतो, आणि पुढचं आवर्तन येईपर्यंत त्याच पाण्यावर गाव तहान भागवतं. तळ्याचा पाइप आधी गावठाणातून जातो, मग मळ्यांतल्या वस्त्यांना, आणि सगळ्यात शेवटी ख्रिस्ती वस्तीला. तिथे छोटं चर्च आहे, चिंचेचं झाड आहे, दफनभूमी आहे आणि गुरुजींचं घर आहे. पाइप लांबला की पाणी दमतं. वरच्या घरांचे हौद, टाक्या, गुरांचे पाण्याचे हाळ सगळं भरून झालं की वस्तीच्या नळाला नुसती हवा यायची.

माझं पहिलं काम शाळेतलं. दरवर्षी मुलं आपलं मंत्रिमंडळ निवडायची आणि चिठ्ठ्या माझ्यात टाकायची. पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री, खेळमंत्री. मुलांच्या हातांना पेनाचा आणि चिंचेचा वास असायचा. ते माझे सुखाचे दिवस होते. पण गुरुजींच्या मनात माझ्यासाठी आणखी काही होतं.

एका दुष्काळी वर्षी पाण्याचा प्रश्न ग्रामसभेत आला. पाणी आधी कोणाला सोडायचं, हात वर करून सांगा, असं ठरलं. पण ज्याच्या शेतात रोजंदारीला जायचं त्याच्याच समोर हात वर कसा करायचा? खालच्या वस्त्यांची माणसं हात मांडीखाली दाबून बसली. तेव्हा गुरुजी मला काखेत मारून सभेत आले. ते म्हणाले की वर केलेला हात कोणाचा ते सगळ्यांना दिसतं, चिठ्ठी कोणाची ते फक्त देवाला दिसतं. त्या दिवशी माझं पोट भरलं. कुलूप उघडलं तेव्हा नियम निघाला तो असा: आधी शेपूट, मग तोंड. म्हणजे पाणी सोडताना वरचे व्हॉल्व बंद ठेवायचे, आधी ख्रिस्ती वस्तीचं भरू द्यायचं, मग मळे आणि शेवटी गावठाण. तोंडाजवळचा माणूस शेवटी राहिला तरी उपाशी राहत नाही, तळं त्याच्या दारातच असतं.

गावठाणातले कारभारी आबा तेव्हा तरुण होते. नियम त्यांना अजिबात आवडला नव्हता. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः पाना घेऊन गेले आणि वस्तीचा व्हॉल्व त्यांनी उघडला. हरलेला माणूसही आपल्या हाताने नियम पाळतो, हे मी तेव्हा पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं. पुढे दर उन्हाळ्याच्या आधी तोच प्रश्न माझ्या पोटातून पुन्हा विचारला जायचा. कधी वेळ बदलायची, कधी दिवस. विचारणं मात्र चुकलं नाही.

मग ते बिनविरोधचं आलं.

झालं असं की एका निवडणुकीत दोन पॅनेलमध्ये डोकी फुटली. भावकीत लग्नाची आमंत्रणं बंद झाली. सगळे वैतागले. पुढच्या वेळी जाणती माणसं देवळाच्या सभामंडपात बसली, त्यांनी नावं ठरवली आणि बाकीच्यांना अर्ज मागे घ्यायला लावले. निवडणूक झालीच नाही. वर्तमानपत्रात फोटो आला, बक्षीस मिळालं, वेशीवर कमान उभी राहिली: बिनविरोध गाव. सगळ्यांना अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटला. भांडण कोणाला हवं असतं? मी तर भित्री.

पण मग गोडी लागली. सोसायटी बिनविरोध, दूध डेअरी बिनविरोध, यात्रा कमिटी बिनविरोध. शाळेतलं मंत्रिमंडळसुद्धा नव्या शिक्षिका बिनविरोध नेमू लागल्या. शेवटी पाण्याचा प्रश्नही तसाच सुटू लागला. आबा विचारायचे, "सगळ्यांना मान्य?" आणि टाळ्या वाजायच्या. नियम तोच राहिला, आधी शेपूट मग तोंड, म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही. फक्त मी रिकामी राहू लागले. गुरुजी म्हातारपणी कुरकुर करायचे. घरात आवाज नाही म्हणजे सगळे सुखात आहेत असं नसतं, कोणीतरी बोलायचं सोडलेलं असतं, असं ते म्हणायचे. लोक हसून ऐकायचे आणि त्यांना चहा द्यायचे.

गुरुजी गेले तेव्हा कारभारी आबांनी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला. माझी किल्ली गुरुजींच्या पत्नीकडे, एलिझाबेथबाईंकडे राहिली. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली. मला ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत, कपाटावर ठेवलं. तिथे एका कोळ्याने माझ्या फटीवर जाळं विणलं आणि कित्येक वर्षं मी जग त्या जाळ्यातून पाहिलं.

ते जाळं पुसलं हर्षलने. हर्षल हा आबांचा पुतण्या. पुण्याच्या कंपनीत संगणकाचं काम करायचा, आता तेच काम गावात बसून करतो. इंटरनेट चांगलं येतं म्हणून त्याने वरची खोली मागून घेतली. मुलगा हुशार आणि मनाने चांगला, हे मला मान्य केलंच पाहिजे. त्याच्या मनात एक राग होता. तळ्याची नवी पाणीयोजना मंजूर होऊनही वर्षानुवर्षं रखडली होती, कारण टाकी कुठे बांधायची यावर बैठकांवर बैठका होऊनही सभामंडपातल्या जाणत्यांचं एकमत होईना. तेवढ्या काळात त्याची आई विजयमालाकाकू कळशी भरायला गेल्या असताना तळ्याच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्या अजून काठीने चालतात. हर्षल म्हणायचा की माझ्या आईचा पाय मीटिंगांनी मोडला.

दर रविवारी सकाळी तो गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना वर बोलवायचा आणि त्याने वाचलेलं समजावून सांगायचा. मी कपाटावरून ऐकायची. तुम्हालाही ते कळलं पाहिजे, म्हणून मला जसं समजलं तसं सांगते.

अमेरिकेत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा एक माणूस आहे. साधारण वीस वर्षांमागे त्याने टोपणनाव घेऊन इंटरनेटवर लांबच लांब लेख लिहायला सुरुवात केली. लोकशाही हा बिघडलेला जुना प्रोग्रॅम आहे, ठिगळं लावून उपयोग नाही, तो बंद करून नव्याने सुरू करावा, असं त्याचं म्हणणं. देश म्हणजे एक कंपनी. तिला भागधारक असावेत, वर एकच प्रमुख असावा, आणि सगळी सत्ता त्या एकाच्या हातात असावी. सरकारी नोकर सगळे घरी बसवावेत. पुढे इंग्लंडच्या एका माजी प्राध्यापकाने या विचाराला 'अंधारं प्रबोधन' असं नाव दिलं. नाव ऐकून माझा पत्रा वाजला. हर्षल म्हणाला की ते नाव मुद्दामच घेतलं आहे. सगळी माणसं समान आहेत असं युरोपातल्या जुन्या प्रबोधनाने शिकवलं आणि तिथेच जग चुकलं, असं या लोकांना वाटतं.

विचाराची मुळं त्याहून जुनी होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी विलायतेत एक लेखक होऊन गेला. मतं मोजून शहाणपण मिळत नाही, थोर पुरुषाने राज्य करावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, असं तो लिहायचा. अलीकडच्या काही अर्थपंडितांनी आणखी एक मुद्दा दिला. घरमालक घराची काळजी घेतो, कारण ते त्याच्या मुलाबाळांना जायचं असतं. भाडेकरू मात्र निघायच्या आधी भिंतीचे खिळेसुद्धा काढून नेतो. राजा हा मालक आणि निवडून आलेला पुढारी हा भाडेकरू. खरं सांगते, हा मुद्दा ऐकला तेव्हा मला तो पटला. रखडलेल्या योजनेचे गंजत पडलेले पाइप मला खिडकीतून दिसत होते.

विद्यापीठं, वर्तमानपत्रं आणि शिक्षक मिळून एक न दिसणारं मोठं चर्च झालं आहे आणि तेच लोकांच्या डोक्यात समानता भरतं, असंही त्या विचारात होतं. मला दानीएल गुरुजी आठवले. ते चर्चमध्ये जायचे, वर्तमानपत्र वाचायचे आणि शिक्षक तर होतेच. म्हणजे या हिशेबाने ते तिन्ही बाजूंनी गुन्हेगार ठरले.

एका रविवारी स्नेहल नावाच्या मुलीने विचारलं की घर मालकाचं झालं, तर मग आपण त्यात कोण? हर्षल म्हणाला, आपण गिऱ्हाईक. दुकानदाराने काय विकावं हे गिऱ्हाईक मत देऊन ठरवत नाही. नाही पटलं तर ते दुसऱ्या दुकानात जातं. नव्या व्यवस्थेत माणसाला बोलायचा हक्क नसेल, निघून जायचा हक्क असेल. स्नेहल म्हणाली की आपल्या गावात तर एकच तळं आहे. हर्षलने हसून दुसरा विषय काढला. मला मात्र त्या दिवसापासून नीट झोप लागली नाही. तुम्ही म्हणाल, पेटीला कसली झोप? असते, मित्रांनो. रिकाम्या पेटीला तर फार असते.

हर्षलने आपला बेत आबांपुढे मांडला. गावतळ्याची एक कंपनी करायची. तिला एक प्रमुख नेमायचा. पाणी कधी, कुठे, किती सोडायचं हे तोच ठरवेल. त्याला कोणी काढू शकणार नाही आणि पाण्याचा विषय पुन्हा ग्रामसभेत निघणार नाही. तक्रारींसाठी मोबाईलवर ॲप असेल. आबांना त्यातला तो परदेशी विचार फारसा कळला नसावा, पण काढता न येणारा प्रमुख ही कल्पना त्यांना लगेच कळली. त्यांना काय कठीण होतं? आमचं गाव तर आधीपासूनच टाळ्यांवर चाललं होतं. सातासमुद्रापलीकडून आलेल्या त्या विचाराला आमच्याकडे नांगरून ठेवलेलं रानच मिळालं.

प्रश्न एकच होता, ख्रिस्ती वस्ती. तिथल्या कोणी तोंड उघडलं तर बिनविरोधची कमान खाली येईल. आबा असल्या कामात मुरलेले. कोणताही ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि त्याला दुजोरा द्यायला एक अनुमोदक. आबांनी अनुमोदकाचा मान एलिझाबेथबाईंना देऊ केला. स्वतः त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले की गुरुजींच्या घराला पहिल्यांदा हा मान मिळतोय, नाही म्हणू नका. आपल्याकडे मान नाकारणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं. आणि ज्या माणसाने नवऱ्याला खांदा दिला त्याला कसं हाकलायचं? बाई हो म्हणाल्या.

ग्रामसभेच्या दिवशी मला खाली आणलं. मला वाटलं, आठवण झाली. पण मला पुसलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्या गळ्यात, म्हणजे झाकणावरच, झेंडूचा जाडजूड हार घातला. जुन्या सेवेबद्दल माझा सत्कार होता. हाराने माझी फट झाकली गेली. त्यानंतरचं मी काही पाहिलं नाही, फक्त ऐकलं, आणि झेंडूच्या वासात माझा जीव घुसमटला.

हर्षलने ठराव वाचला. ग्रामसेवक पुटपुटले की कायद्यात हे असं बसत नाही. आबा म्हणाले की गावाला मान्य असलं की सगळं बसतं. मग एलिझाबेथबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज मला ओळखीचा होता.

"माझं अनुमोदन हाय," त्या म्हणाल्या. "फकस्त एक इचारते. उद्या चुकलं वाटलं, तर पुन्यांदा इचारता येईल का?"

"नाही, बाई," हर्षल म्हणाला. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. "पुन्हा विचारता आलं की पुन्हा तीच भांडणं सुरू होतील. प्रमुखाला काढता येत नाही, त्यातच तर सगळं आहे."

"मग ज्याला पटनार न्हाई, त्यानं काय करायचं?"

"त्याला जायची मोकळीक आहे."

माझी किल्ली बाईंच्या पदरात होती, हाताच्या अंतरावर. मी मनात म्हणत होते, बाई, गाठ सोडा. मागा मला. पण आबांनी विचारलं, "सगळ्यांना मान्य?" आणि टाळ्या वाजल्या. टाळ्यांनी माझं सगळं अंग थरथरलं. लोकांना वाटलं असेल, पेटीही वाजते आहे, तिलाही मान्य दिसतंय.

त्याच बैठकीत प्रमुखाचं नाव आलं. हर्षलला वाटत होतं, आणि सगळ्या पोरांनाही वाटत होतं, की तोच प्रमुख होणार. विचार त्याचा, ॲप त्याचं. आबांनी नाव घेतलं भागवतचं. भागवत म्हणजे आबांचा जावई, गावठाणात मोठा गोठा असलेला. पुन्हा टाळ्या वाजल्या. हर्षल माझ्या अगदी शेजारी उभा होता. त्याच्या दोन तळव्यांचा आवाज उशिरा आला, पण आला.

त्या सगळ्या थोर विचारात एका गोष्टीचं उत्तरच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. शहाण्याच्या हाती सत्ता द्यायची, ठीक. पण शहाणा कोण हे कोणी ठरवायचं, आणि ठरवणारा चुकला तर कोणी सांगायचं?

सभा संपल्यावर हार काढून मला पुन्हा वर कपाटावर ठेवलं. पुढचं आवर्तन सुटलं आणि भागवतने नियम फिरवला. आधी तोंड, मग शेपूट. लांबच्या पाइपात पाणी वाया जातं असं त्याने ॲपवर कळवलं. गावठाणाच्या टाक्या भरल्या, गोठे धुतले गेले, आणि ख्रिस्ती वस्तीच्या नळाला हवा आली. बाईंनी ॲपवर तक्रार केली. उत्तर आलं की तुमची सूचना नोंदवली आहे. त्या ग्रामसभेत आल्या तर पाणी हा इथला विषय नाही असं सांगितलं. त्या रोज वरच्या खोलीचा जिना चढून यायच्या, हर्षलला सांगायच्या आणि धापा टाकत उतरायच्या. त्या आरडाओरडा करत नव्हत्या. त्यांनी केला असता तर मला कमी भीती वाटली असती.

हर्षल भागवतकडे गेला. नंतर भागवतच वर आला, हसत, कपाटाला टेकून उभा राहिला. मी त्याच्या डोक्याच्या वरच होते.

"मला काडता येत न्हाई, हे तूच लिव्हलंस ना?" तो म्हणाला. "लई भारी लिव्हलंस. आता त्यात बदल करायचा तर तो मीच करनार."

भागवत गेल्यावर कितीतरी वेळ हर्षल लॅपटॉपच्या बंद पडद्याकडे बघत बसला होता.

मग वस्ती हलू लागली. आधी अँड्र्यूचं कुटुंब गेलं, श्रीरामपूरला भाड्याने. मग आणखी दोन घरं. टेम्पोत भांडी, खाटा, कोंबड्यांची खुराडी चढताना मी खिडकीतून पाहिली. जायचा हक्क म्हणतात तो असा दिसतो. एलिझाबेथबाई जायला तयार नव्हत्या. गुरुजींची कबर त्यांच्या मागच्या दारातून दिसते. रोज संध्याकाळी त्या तिथल्या सदाफुलीला पाणी घालायच्या, आणि आता घालायला पाणी नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की मरेपर्यंत त्या घरात राहता यावं आणि मग त्याच मातीत जावं. विजयमालाकाकू काठी टेकत एक एक कळशी पोचवायला निघाल्या होत्या, पण त्यांना ते झेपेना. शेवटी बाईंची मुलगी आराधना नगरहून आली आणि आईला न्यायचंच म्हणून हटून बसली.

निघायच्या दिवशी टेम्पो खाली उभा होता आणि बाई शेवटच्या वेळी जिना चढल्या. त्यांनी हर्षलला मला खाली काढायला सांगितलं. पदराची गाठ सोडली, किल्ली कुलपात घातली. आतून जाम झालं होतं, तरी उघडलं. किती वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला. आत त्या सत्काराच्या हाराच्या वाळक्या पाकळ्या होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "आपुन सगळ्यांनी हिच्यात फुलं टाकली. चिठ्ठी कुनीच न्हाई टाकली. मीपन टाळी वाजवली, हर्षल. मानाला भुलले."

हर्षल रडायला लागला. मी जाऊ नका म्हणतोय, बाई, असं काहीतरी तो म्हणाला. त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"मी येईन," त्या म्हणाल्या. "दोन नोव्हेंबर आमच्यात मेलेल्यांच्या आठवनीचा दिस, तवा कबरीवर मेणबत्ती लावायला येतेच. तवर सदाफुली जगली तर बघ."

टेम्पो गेला. मी उघडीच राहिले आणि माझ्यातल्या पाकळ्या पंख्याच्या वाऱ्याने उडून गेल्या.

आता आजचं सांगते. आज भागवतने नवा ठराव आणला. ग्रामसभेला लोकांनी यायची गरजच नाही, सगळं मोबाईलवर होईल आणि पडद्यावर एकच बटण असेल, 'मान्य'. आबा उठले, नेहमीसारखं त्यांनी विचारलं, "सगळ्यांना मान्य?" पहिली टाळी वाजलीही. तेवढ्यात हर्षल मला कुलूप लावून, छातीशी धरून जिन्यावरून उतरला. त्याचं काळीज माझ्या पत्र्यावर आपटत होतं. त्याने मला आबांच्या समोर ठेवलं.

"माजा इरोध हाय," तो म्हणाला.

पुण्याची भाषा कुठच्या कुठे गेली होती. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्या माणसानेच घराला आग लावली आहे. कमानीवरचं अक्षर त्या तीन शब्दांनी खोटं पडलं होतं.

"हा इचार मीच आनला," हर्षल पुढे म्हणाला. "आता आबासमोर बोलायची तुमाला भीती वाटती, ती मलापन वाटती. बोलू नका. पानी पुन्यांदा सभेत इचारायचं का न्हाई, ते लिवा आन् हिच्यात टाका."

आणि तेव्हापासून ही शांतता आहे, मित्रांनो. भागवत फोनमध्ये बघतो आहे. आबा माझ्याकडे बघत आहेत, त्यांच्या हाताने उघडलेला तो जुना व्हॉल्व त्यांना आठवतो आहे का, ते मला कळत नाही. कोणीच उठलं नाही, आणि हर्षल एकटा पडला, तर मला पुन्हा कपाटावरही ठेवणार नाहीत. भंगारात टाकतील. त्याची मला भीती वाटते. त्याहून जास्त भीती दोन नोव्हेंबरची वाटते. बाई मेणबत्ती घेऊन येतील आणि त्यांना राहायला घर असेल की नुसती भेट देऊन परत जावं लागेल, ते आत्ता या खोलीत ठरतं आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावात, शाळेत, घरात माझ्यासारखं काहीतरी असेल, जिथे न घाबरता मत टाकता येतं. त्याचा सत्कार करू नका. हाराखाली मला काही दिसत नाही. भांडणाचा कंटाळा आला म्हणून मला कपाटावर ठेवू नका, कारण तिथून खाली यायला फार वर्षं लागतात. मला दरवर्षी पुसा आणि वापरा. प्रश्न जुना असला तरी पुन्हा विचारा.

थांबा. मागच्या रांगेत वहीचं पान फाटल्याचा आवाज आला.

स्नेहल उठली आहे. सगळे तिच्याकडे बघत आहेत आणि ती कोणाकडेच बघत नाही. घडी केलेला कागद तिच्या मुठीत आहे. ती टेबलापर्यंत आली आहे. तिचा हात इतका थरथरतो आहे की कागद माझ्या झाकणावर वाजतो आहे.

येऊ दे, पोरी. फट रुंद आहे. गुरुजींनी मुद्दाम रुंद ठेवायला सांगितली होती.